उपकरणाची पहिली जोडणी : सोय आणि जबाबदारी

ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूच्या जाळ्याने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. २०१५ पासून ही योजना ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. अशा जाळ्याची तार कार्यालयाच्या वा शाळेच्या भिंतीपर्यंत येते. तेथून पुढे कॅमेरा, दूरचित्रवाणी संच, विजेचा दिवा किंवा पंपाचा स्विच यांपर्यंतचा अखेरचा टप्पा पुष्कळदा बिनतारी असतो. यालाच आपण ‘वाय-फाय’ म्हणतो.

ही ‘स्मार्ट’ उपकरणे प्रथम जाळ्यास जोडण्याचे काम वरवर पाहता कारागिराचे वाटते. वस्तुतः ती प्रशासनाचीही बाब आहे. उपकरण कोणाच्या आज्ञेत राहणार आणि त्याने टिपलेले कोण पाहणार, हे बहुतेक वेळा या पहिल्या दहा मिनिटांतच ठरून जाते.

जोडणी कशी होते?

मोबाइल फोन वाय-फायला जोडताना आपण जाळ्याचे नाव निवडतो व पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, टंकित करतो. परंतु ज्याला कळफलक नाही आणि पडदाही नाही, अशा दिव्याला किंवा कॅमेऱ्याला हा शब्द सांगावयाचा कसा?

यावर योजलेला उपाय सोपा आहे. नवे उपकरण विजेला जोडताच ते ‘जोडणीच्या अवस्थेत’ जाते व त्यावरील बारीक दिवा लुकलुकू लागतो. या अवस्थेत ते स्वतःच एक छोटे, तात्पुरते बिनतारी जाळे निर्माण करते. उत्पादकाचे ॲप असलेला मोबाइल त्या जाळ्यात शिरतो आणि कार्यालयाच्या जाळ्याचे नाव व पासवर्ड उपकरणाच्या स्वाधीन करतो. त्यानंतर उपकरण आपले तात्पुरते जाळे मोडून कार्यालयाच्या राउटरशी संबंध जोडते. काही उपकरणांत हाच निरोप ब्लूटूथद्वारे दिला जातो. काही कॅमेरे मोबाइलच्या पडद्यावरील क्यूआर कोड पाहून तो वाचतात. पद्धत कोणतीही असो, मोबाइलची भूमिका मध्यस्थाची असते.

अडते कोठे?

जोडणी फसली की उपकरण सदोष असल्याचा समज होतो. कारणे बहुधा साधी असतात.

पहिले कारण लहरींचे. राउटर सामान्यतः २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. पहिल्या पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, तर दुसऱ्यातील सुमारे ६ सेंटिमीटर असते. लांब लहरी भिंतींतून अधिक चांगल्या रीतीने पार होतात. शिवाय स्वस्त उपकरणांपैकी अनेकांना केवळ २.४ चाच पट्टा समजतो. तेव्हा जोडणीपुरता राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बंद ठेवावा.

दुसरे कारण मोबाइलचे. उपकरणाच्या तात्पुरत्या जाळ्यावर इंटरनेट नसते. ते पाहून मोबाइल ते जाळे सोडून देतो आणि निरोप अर्धवट राहतो. म्हणून तेवढा वेळ मोबाइल डेटा बंद करावा.

तिसरे कारण जाळ्याच्या प्रकाराचे. काही सार्वजनिक जाळ्यांवर मोबाइल क्रमांक व ओटीपी भरल्यावाचून प्रवेश मिळत नाही. दिव्याला किंवा कॅमेऱ्याला ते पान भरता येत नाही. त्यासाठी साध्या पासवर्डचे जाळेच हवे.

आणखी एक अनुभवाची सूचना अशी की, कॅमेरा खांबावर चढविण्यापूर्वी तो राउटरजवळ टेबलावर ठेवून जोडावा. नंतर नियोजित जागी नेऊन तेथे लहरी पुरेशा पोचतात की नाही हे पाहावे आणि मगच पक्का करावा.

कारखान्याची किल्ली

उपकरण चालू झाले म्हणजे काम संपले, असे समजणे धोक्याचे आहे. पुष्कळ उपकरणे कारखान्यातून ठराविक नाव व ठराविक पासवर्ड घेऊन येत. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने असे सुमारे ६० ठराविक संच एकामागून एक वापरून जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने अमेरिकेतील ‘डिन’ या कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला केला व अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. कॅमेऱ्यांच्या मालकांपैकी बहुतेकांना याची गंधवार्ताही नव्हती. अशा समान पासवर्डची ग्राहकोपयोगी उपकरणे विकण्यास ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून कायद्याने मनाई केली आहे.

सोयीसाठी दिलेली दारेही तपासावी लागतात. राउटरवरील ‘डब्ल्यूपीएस’ या सुविधेत ८ अंकी पिन असतो. तो शोधण्यास कोट्यवधी प्रयत्न लागावेत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्ये उघड झाले. ही सुविधा बंद ठेवणेच श्रेयस्कर.

बदली झाली, तर?

आपल्याकडील सर्वांत मोठा प्रश्न मात्र दूरच्या हल्लेखोराचा नाही. एखादा उत्साही शिक्षक शाळेचा कॅमेरा स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या खात्यावर जोडतो. पुढे त्यांची बदली होते. कॅमेरा शाळेतच राहतो. परंतु वर्गातील मुलांचे चित्रण दुसऱ्या तालुक्यातील त्यांच्या मोबाइलवर दिसत राहते आणि नव्या मुख्याध्यापकांना ते पाहता येत नाही. यात त्या शिक्षकाचा हेतू वाईट नसतो. दोष असतो तो पद्धतीच्या अभावाचा. हा अभाव दूर करण्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. उपकरणाचे खाते कार्यालयाच्या ई-मेलवर व कार्यालयाच्या मोबाइल क्रमांकावर उघडावे.

२. कारखान्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. नवा किमान १२ अक्षरांचा असावा. राउटरवर ‘डब्ल्यूपीए-२’ अथवा ‘डब्ल्यूपीए-३’ हीच सुरक्षा निवडावी.

३. राउटरवर पाहुण्यांसाठीचे वेगळे जाळे असल्यास उपकरणे त्यावर ठेवावीत. दाखले व हिशेब ज्या संगणकावर आहेत, तो निराळ्या जाळ्यावर असावा.

४. उत्पादकाने पाठविलेल्या सुधारणा वेळोवेळी स्वीकाराव्यात.

५. जडवस्तू संग्रह नोंदवहीत उपकरणासोबत खात्याचे नाव, जोडणीचा दिनांक व जागा नमूद करावी. पासवर्ड नोंदवहीत लिहू नये. तो मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाकडे असावा.

६. कार्यभार सोपविताना किल्ल्यांबरोबर ही खातीही सोपवावीत आणि नव्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी पासवर्ड बदलावा.

७. उपकरण निर्लेखित करताना ते मूळ कारखाना-स्थितीत आणावे. अन्यथा कार्यालयाच्या जाळ्याचा पासवर्ड त्यात तसाच राहून भंगारवाल्याकडे जातो.

यांपैकी एकाही गोष्टीस वेगळा निधी लागत नाही. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे प्रत्येक कार्यालयास ठाऊक असते, कारण ती डोळ्यांना दिसते. बिनतारी जोडणीची किल्ली दिसत नाही. म्हणूनच तिची नोंद ठेवण्याची शिस्त ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक व सदस्य यांनी पहिल्या दिवसापासून पाळणे अगत्याचे आहे.