पांढरं दिसलं म्हणून

क्लाउनफिशची जोडी रविवारी संध्याकाळी घरी आणली आणि पुढच्या शनिवारी सकाळी क्वारंटाइन टँक रिकामा झाला. मधल्या दिवसांत मी हातावर हात ठेवून बसले नव्हते. औषध दिलं, पहिलं लक्षण दिसलं त्याच रात्री दिलं, मात्रा मोजून दिली. ते औषध दुसऱ्याच रोगाचं होतं.

खाऱ्या पाण्याचा टँक मी नऊ वर्षं सांभाळते आहे. ठाण्याच्या घरी हॉलमध्ये ३०० लिटरचा रीफ टँक आहे आणि धुण्याच्या जागेशेजारी ४० लिटरचा क्वारंटाइन टँक. त्यात वाळू नाही, दगड नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे दोन एल्बो, एक हीटर, आणि मोठ्या टँकच्या संपमध्ये महिनाभर मुरवलेला स्पंज फिल्टर. नवा मासा महिनाभर इथे राहिल्याशिवाय हॉलमध्ये जात नाही. हा नियम मी कधी मोडला नाही, आणि त्याच्यामुळेच त्या आठवड्यात हॉलमधले मासे वाचले. पण क्वारंटाइन म्हणजे नव्या माशाला वेगळं ठेवणं, एवढंच मी धरून चालले होते. वेगळं ठेवलेल्या माशाकडे रोज नीट बघायचं असतं, हे राहून गेलं.

सोमवार-मंगळवार दोघंही खात होती. बुधवारी सकाळी मादीच्या डोक्यामागे नारिंगी रंगावर पांढुरकी झाक दिसली. संध्याकाळपर्यंत ती पाठीवर उतरली. तिनं खाणं सोडलं. एअरस्टोनच्या बुडबुड्यांपाशी, वरच्या पाण्यात, कल्ले भराभर हलवत ती एका जागी उभी होती. मी दुकानात फोन केला. ‘ताई, पांढरं आलंय ना? इक आहे. कॉपर सुरू करा,’ असं उत्तर मिळालं. इक म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, कॉपर म्हणजे त्यावरचं तांब्याचं औषध. त्याच रात्री मी ते सुरू केलं. त्यांनी मासा पाहिला नव्हता. मी पाहिला होता, पण फोनवर मीही ‘पांढरं आलंय’ एवढंच सांगितलं होतं.

शुक्रवारी दुपारी तिच्या अंगावरून चिकट पापुद्रा सुटला. दुधावरची साय चमच्यानं उचलताना लोंबते तसा तो शेपटीपाशी लोंबत होता. मी व्हिडिओ काढून भाच्याला पाठवला. तो रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकला आहे. त्याचा लगेच फोन आला. ‘मावशी, ठिपके कुठे आहेत यात? ही तर साल सुटतेय. तू स्लाइड बघितलीस का?’

मी बघितली नव्हती. मुलीच्या शाळेच्या वेळचा मायक्रोस्कोप कपाटात होता. चार वाजता मादी गेली. भाचा म्हणाला, वेळ घालवू नकोस, मासा मेला की परजीवी त्याला सोडून जायला लागतात. कव्हरस्लिपच्या कडेनं तिच्या कुशीवरचा चिकट थर हलकेच ओढून घेतला, स्लाइडवर टँकच्याच पाण्याचा एक थेंब टाकला आणि भिंग लावलं. पहिल्यांदा नुसता धुरकटपणा. मग काहीतरी सरकलं. घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा, एका बाजूनं किंचित खोलगट असा एक जीव चपळपणे सरकत गेला. त्याच्यामागून दुसरा. थोडा वेळ बघत राहिले तर सगळ्या क्षेत्रात तेच होते. ब्रुकलिनेला. क्लाउनफिशना तो इतका होतो की त्याला क्लाउनफिशचाच रोग म्हणतात. कॉपरचा त्याच्यावर भरवसा धरता येत नाही.

त्याला फॉर्मालिन लागतं, आणि ते घरात नव्हतं. प्रयोगशाळेचं साहित्य विकणारं दुकान बंद व्हायच्या आत रिक्षानं गाठलं. रात्री नराला स्नान दिलं. त्यातून तो बाहेर आला, पण तोवर कल्ले गेलेले होते. सकाळी तो तळाशी आडवा पडला होता.

ज्यांच्याकडे क्वारंटाइन टँक आहे, किंवा जे तो लावायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ‘पांढरं’ हे रोगाचं नाव होऊ शकत नाही. त्या एका शब्दामागे निदान तीन वेगळे जीव असतात आणि तिघांना एकच औषध चालत नाही.

इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, सुटे ठिपके देतो. मिठाचे दाणे कुणी मोजून चिकटवावेत तसे ते दिसतात. एकेक वेगळा, किंचित उठून आलेला. अंगावर तीन ते सात दिवस राहून ते गळतात, मासा बरा झाल्यासारखा वाटतो, आणि काही दिवसांनी दुपटीनं परत येतात. वेल्व्हेट, म्हणजे अमिलोडिनियम, याची पूड त्याहून कितीतरी बारीक असते; पिठीसाखर भुरभुरवल्यासारखी, तीही टॉर्च तिरपा धरला तरच दिसते. बऱ्याचदा ती दिसण्याआधीच मासा पंपाच्या झोतात तोंड देऊन उभा राहतो, उजेड टाळतो, धापा टाकतो. वेल्व्हेट आधी कल्ले धरतो, म्हणून तिथे उद्यापर्यंत थांबायला वेळ नसतो. ब्रुकलिनेलात दाणा नाही, पूड नाही. रंग फिका पडतो, चिकट थर वाढतो, आणि मग साल सुटते. हिरव्या क्रोमिसच्या अंगावर लालसर जखमा दिसल्या तर युरोनेमाचा संशय घ्यावा. तिथेही कॉपर निरुपयोगी.

डोळ्यांना भेद कळत नसेल तर स्लाइड घ्या. शाळकरी मायक्रोस्कोप पुरतो. ४० पट आणि १०० पट एवढंच लागतं. जिवंत माशाला ओल्या, मऊ हातमोज्यात धरा. छातीच्या पराच्या मागे कव्हरस्लिप डोक्याकडून शेपटीकडे एकदाच, अलगद ओढा. उलटं ओढाल तर खवले निघतील. हे काम पंधरा-वीस सेकंदांत उरकायला हवं, म्हणून स्लाइड, थेंब, भिंग आधी मांडून ठेवा. थेंब टँकच्याच पाण्याचा घ्या. नळाच्या गोड्या पाण्यात हे जीव फुगून फुटतात आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. इक गोल, गडद, आणि जागच्या जागी संथपणे गरगर फिरणारा. वेल्व्हेट नासपतीसारखा, तपकिरी, अजिबात न हलणारा. ब्रुकलिनेला मी वर सांगितला तसा, सरकणारा. एकदा तिघं पाहिले की परत चूक होत नाही.

आता कॉपरबद्दल. ते उत्तम औषध आहे, इक आणि वेल्व्हेटसाठी. पण ते काय करतं हे कळलं पाहिजे. माशाच्या कातडीखाली बसलेल्या इकला ते शिवत नाही, गळून तळाशी पडलेल्या पुटालाही (सिस्टलाही) नाही. पुटातून बाहेर पडून नवा मासा शोधणाऱ्या पोहत्या पिल्लांनाच ते मारतं. म्हणून ठिपके गेले तरी थांबायचं नाही. मी पूर्ण ३० दिवस देते. साधं कॉपर सल्फेट वापरताना तांब्याची पातळी लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. कीलेटेड कॉपरची पातळी याच्या दसपट वगैरे असते, म्हणून बाटलीवरचा आकडा आणि त्याच प्रकाराला चालणारं टेस्ट किट, दोन्ही सांभाळा. रोज मोजा. वाळू आणि दगड कॉपर शोषतात, म्हणून टँकचा तळ मोकळा ठेवायचा. अमोनिया बसवणारं कंडिशनर कॉपरच्या पाण्यात ओतू नका. तांब्याचं रूप बदलून ते माशाला विषारी होऊ शकतं. अमोनिया वाढला तर पाणी बदला, आणि बदललेल्या पाण्याच्या प्रमाणात कॉपर परत घाला. कोरल, कोळंबी, शंख असलेल्या टँकमध्ये कॉपर कधीच नाही.

ब्रुकलिनेलाला फॉर्मालिनचं स्नान. ३७ टक्क्यांचं फॉर्मालिन, आपल्याकडच्या २६-२७ अंशांच्या पाण्याला १० लिटरमागे दीड मिलिलिटर, ३० ते ४५ मिनिटं. थंड देशांतल्या पुस्तकांत याहून जास्त मात्रा दिसेल, पण गरम पाण्यात फॉर्मालिन जास्त जाळतं. ते पाण्यातला प्राणवायूही ओढतं, म्हणून एअरस्टोन जोरात हवा, आणि तुम्ही बादलीसमोरून हलायचं नाही. मासा कलंडला की त्या क्षणी बाहेर. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसलेला असेल तर ते फॉर्मालिन टाकून द्या, तो साका माशांना फार घातक असतो. तुमच्यासाठीही हे औषध साधं नाही. त्याच्या वाफेनं कर्करोगाचा धोका असतो. गॅलरीत, हातमोजे आणि चष्मा घालून, मुलांना दूर ठेवून काम करा. स्नानानंतर मासा जुन्या पाण्यात परत सोडला तर सगळं फुकट. ब्रुकलिनेला पुटं करत नाही, एकाचे सरळ दोन होतात, आणि जुन्या टँकमध्ये ते वाट बघत असतात. दुसरा, स्वच्छ, त्याच तापमानाचा टँक आधी तयार हवा.

जाळी आणि बादली प्रत्येक टँकची वेगळी ठेवा. इक मोठ्या टँकमध्ये शिरला तर सगळे मासे काढून तो अडीच महिने बिनमाशांचा ठेवावा लागतो, कारण काही पुटं ७२ दिवसांनीही फुटल्याची नोंद आहे.

त्या जोडीनंतर वर्षभर मी क्लाउन आणले नाहीत. मग हॅचरीत वाढवलेले घ्यायचे ठरवलं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं (सीएमएफआरआय) मंडपम आणि विझिंजमला त्यांची पैदास करून दाखवल्याला बराच काळ झाला आहे, आणि समुद्रातून धरलेल्या माशांपेक्षा ही पिल्लं टँकला लवकर रुळतात. पण दुकानात त्यांनाही इतर माशांच्याच पाण्यात ठेवलेलं असतं. नव्या जोडीतल्या नराच्या पाठीवर दुसऱ्याच दिवशी ती ओळखीची फिकट झाक आली. अजून तो खात होता. स्लाइड घेतली. घेवड्याचे दाणे सरकत होते.

त्याच दुपारी दोघांना स्नान, मग शेजारच्या स्वच्छ टँकमध्ये. एक दिवस सोडून पुन्हा, आणि पुन्हा. चौथ्या दिवशीच्या स्लाइडवर चिकट थराशिवाय काही नव्हतं, तरी आठव्या दिवशी पुन्हा बघितलं. महिना संपल्यावर एका संध्याकाळी त्यांना हॉलमध्ये सोडलं. मादी पहिले दोन तास दगडामागून बाहेर आली नाही. मग मी बारीक कापलेली कोळंबी टाकली आणि दोघंही वर आली.