काथेरेसला शिकणाऱ्या भाचीस

पुणे,
चैत्र शुद्ध पंचमी

चि. मुक्ता हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची पक्ष्यांच्या स्पॅनिश नावांची यादी, दोन्ही पावली. यादी सुबक आहे, अक्षर नेहमीप्रमाणे देखणे आहे. तरीही ती अथपासून इतिपर्यंत पाठ करण्याचा जो निश्चय तू केला आहेस तो तूर्त तहकूब ठेवावा, असे मला वाटते. विद्यापीठात तुला जे शिकवतात त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. परंतु पाखरांच्या मागे हिंडणाऱ्या माणसांच्या सोबतीत भाषा कशी आणि कुठे लागते, हे स्पेनमध्ये काही काळ काढल्यामुळे मला ठाऊक आहे, आणि ते कोणत्याही कोशाच्या परिशिष्टात सापडत नाही.

यादीत तू तीन रकाने आखले आहेस. त्यांतला मधला, इंग्रजीचा, आधी काढून टाक. ज्या पक्ष्याला आपण लहानपणापासून मराठी नावाने ओळखतो, त्याची स्पॅनिशमध्ये गाठ घेण्यासाठी तिसऱ्या भाषेला मुखत्यारपत्र लिहून देण्याचे प्रयोजन नाही. काथेरेस ज्या भागात आहे त्या एस्त्रेमादुराच्या आकाशात या दिवसांत घिरट्या घालणारा ‘मिलानो नेग्रो’ म्हणजे आपल्या मंडईवरच्या घारीचाच जातभाई. ‘आबुबिया’ म्हणजे तुरेवाला हुदहुद. ‘मार्तिन पेस्कादोर’ म्हणजे ओढ्याकाठचा लहान खंड्या. आणि पाण्यालगतच्या दगडांवर शेपटी वरखाली हलवीत तुरुतुरु धावणाऱ्या ज्या पक्ष्याला आपण परीट म्हणतो, त्याला तिकडे ‘लाबान्देरा’, म्हणजे धुणे धुणारी बाई, म्हणतात. इतकी उघड सोयरीक असता आडवळणाने जाण्यात काय हशील? जिथे मराठी नाव नाही, उदाहरणार्थ निळसर पंखांचा आणि लांब शेपटीचा जो ‘राबिलार्गो’ तुमच्याकडे ओकच्या रानांतून टोळ्यांनी हिंडतो, तिथे शास्त्रीय नाव लिहून मोकळी हो.

आता मुख्य मुद्दा. रानात सर्वांत आधी लागणारे शब्द पक्ष्यांचे नव्हेत, जागांचे असतात. मोन्फ्राग्वेच्या राष्ट्रीय उद्यानात तू जाशीलच. तिथे ताहो नदीच्या काठी ‘साल्तो देल हितानो’ नावाची जी जागा आहे, तिच्यासमोर पाण्यापलीकडे ‘पेन्या फाल्कोन’ हा उभा सुळका आहे, आणि ऊन तापून वारा वर चढू लागला की त्या कड्यावरची गिधाडे एकामागून एक सुटून, पंख न हलवता, पाहणाराच्या डोळ्यांच्या पातळीवरून इतकी जवळून जातात की पिसांतली फट न् फट दिसते. त्या गिधाडांना शब्दांची गरज नाही; ती कोणालाही दिसतात. परंतु त्याच कड्याच्या खालच्या एखाद्या कपारीत काळा करकोचा अंडी उबवीत बसलेला असतो, आणि शेजारी उभा असलेला कोणी वृद्ध गृहस्थ दुर्बीण डोळ्यांवरून न काढता भराभर सांगत असतो: डावीकडे, पांढऱ्या डागाच्या खाली, सुकलेल्या झुडपाच्या मागे, दुसऱ्या कपारीत. त्या क्षणी ‘थिग्वेन्या नेग्रा’ हे नाव तुला मुखोद्गत असून काय उपयोग, जर ‘इथ्किएर्दा’ म्हणजे डावी की उजवी याचाच तुला विचार करावा लागला? कपारीतला करकोचा बसून राहील, पण झुडपातला पक्षी तुझ्या विचारासाठी खोळंबणार नाही. म्हणून वर, खाली, मागे, पलीकडे, फांदी, शेंडा, खांब, तार, कौलारू छप्पर, काठ, हे शब्द इतके सरावाचे करून घे की कानावर पडताच मान आपोआप वळावी. त्यात झाडांची नावेही धर. एस्त्रेमादुरात ‘एन्थीना’ आणि ‘आल्कोर्नोके’ ही दोन झाडे ओळखता आली तरी बरीच मजल मारता येते, कारण तुला पक्षी दाखवणारा बहुधा यांतल्याच एकाचे नाव घेणार. पहिल्याची फळे खाण्यासाठी क्रौंचांचे थवेच्या थवे तिथे हिवाळा काढतात, दुसऱ्याची साल सोलून बुचे करतात, आणि सोललेले खोड तांबूस दिसते, एवढी खूण पुरे.

जागांच्या पाठोपाठ क्रियापदे. आपल्याकडे पारवा घुमतो, चिमणी चिवचिवते, घुबड घुत्कारते. त्यांच्याकडे कबुतरासाठी ‘आरुयार’ आहे, घुबडासाठी ‘उलुलार’ आहे. परंतु ‘क्रोतोरार’ हे क्रियापद मात्र तू पुस्तकातून शिकू नकोस. तुझ्या खोलीपासून काथेरेसचा जुना गाव लांब नसावा. तिथे संध्याकाळी एखाद्या मनोऱ्याखाली जाऊन उभी राहा. पांढऱ्या करकोच्याला प्रौढपणी कंठातून म्हणण्यासारखा आवाज नसतो. जोडीदार घरट्यावर उतरला की तो मान मागे टाकतो, इतकी मागे की डोके पाठीला टेकते, आणि चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर आपटून लाकडी चिपळ्यांसारखा खडखडाट करतो. त्या खडखडाटाला स्पॅनिश भाषेने हे स्वतंत्र क्रियापद देऊन ठेवले आहे. ते ऐकत असताना जवळून जाणाऱ्या एखाद्या आजीबाईंना विचार, हे काय चालले आहे म्हणून. त्या ते क्रियापद उच्चारतील किंवा निराळेच काही सांगतील, आणि दोन्हीत तुझा फायदाच आहे. (सेंट ब्लासच्या सणाला, म्हणजे 3 फेब्रुवारीला, करकोचे परततात, ही जुनी समजूतही त्या सांगतील. हल्ली पुष्कळसे करकोचे उकिरड्यांवर पोट भरत असल्यामुळे हिवाळ्यातही तिथेच राहतात, ही दुरुस्ती तू मनातच ठेव.)

लिंगाविषयी तू तक्रार केली आहेस. मराठी मुलीने ती करावी याचे मला नवल वाटले. घार नर असली तरी आपण ‘ती घार’ म्हणतो, आणि ‘ते गिधाड’ म्हणताना त्याच्या नरमादीपणाची चौकशी करीत नाही. तिकडेही शिरस्ता हाच, फक्त वाटणी निराळी, म्हणजे घार पुल्लिंगी आणि गिधाडही पुल्लिंगी. खरी खोच आहे ती ‘आगिला’ (गरुड) आणि ‘आबे’ (पक्षी) या शब्दांत. दोन्ही स्त्रीलिंगी, तरी एकवचनी त्यांच्या आधी ‘एल’ लागतो, कारण आरंभीच्या ‘आ’वर आघात आहे, अनेकवचनात ते पुन्हा आपल्या ‘लास’कडे परततात. ‘आबुबिया’ आणि ‘आबुतार्दा’ यांच्या आरंभीही ‘आ’च आहे, परंतु आघात पुढे सरकलेला असल्याने त्यांना बिनदिक्कत ‘ला’ लागतो. हा नियम घोकत बसू नकोस. चारही शब्द उपपदासकट मोठ्याने म्हणत जा.

‘आबुतार्दा’चे नाव निघाले म्हणून सांगतो. काथेरेसच्या भोवतालच्या माळांवर हा पक्षी याच दिवसांत नाचतो. पिसे उलटी करून नर जवळजवळ पांढराशुभ्र होतो आणि दुरून शेतात फेसाचा ढीग पडल्यासारखा दिसतो. आपल्या माळढोकाचा हा आप्त. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केले, आणि तिथे आता माळढोक दिसणे दुरापास्त झाले आहे. तेव्हा तुला तो आप्त दिसला तर जरा जास्त वेळ पाहा.

‘पाहारो’ हा शब्द जपून वापर. तो लहान पाखरांचा. गिधाडाला ‘पाहारो’ म्हटलेस तर तुझे म्हणणे कळेल, पण लोक गालांत हसतील. शिकारी पक्ष्याला ‘रापाथ’ म्हणावे. पक्षी पाहणारे स्वतःला मात्र खुशाल ‘पाहारेरो’ म्हणवून घेतात, आणि आयुष्यात प्रथमच दिसलेल्या पक्ष्याला त्यांच्या बोलीत ‘बिंबो’ म्हणतात. हा शब्द वापरलास की मंडळींत तुझा पाट लवकर मांडला जाईल.

लॅटिन अमेरिकेतली नावे सध्या या यादीत आणू नकोस. ज्याला मेक्सिकोत ‘सोपिलोते’ म्हणतात तोच काळा गिधाडवर्गी पक्षी कोलंबियात ‘गायिनासो’ आणि व्हेनेझुएलात ‘सामूरो’ होतो, आणि ‘कोलिब्री’ला, म्हणजे हमिंगबर्डला, तर देशोदेशी निराळे नाव आहे. तो संसार मोठा आहे. तिकडे जाण्याचा योग आला की पाहू.

यादीऐवजी वही मात्र अवश्य ठेव. पक्ष्यागणिक एक पान: कुठे दिसला, काय करीत होता, आणि त्याचे नाव कोणाच्या तोंडून ऐकले. मेंढपाळाने सांगितलेले नाव पुस्तकातल्या नावाशी जुळले नाही तर ते खोडू नकोस, शेजारी लिही. मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून नावे ऐकून टिपली, म्हणून त्यांचा ‘पक्षिकोश’ वाचताना जंगलातून हिंडल्यासारखे वाटते. आणि घरट्याजवळ जाऊन फोटो काढण्याचा मोह कोणी घातला तरी बळी पडू नकोस. तिथले जाणते लोक अशा पाहुण्याशी पुन्हा बोलत नाहीत, आणि मग भाषा शिकवणार कोण?

तुझ्या आईने दुर्बिणीचा विषय काढला होता. माझी जुनी जड आहे, पण भिंगे स्वच्छ आहेत. पुढच्या महिन्यात तिकडे येणारा कोणी भेटला तर त्याच्याबरोबर पाठवतो, तोवर कोणाची तरी उसनी घे. मामी आशीर्वाद सांगते. कळावे.

तुझा,
मामा