सर्वनामाचा प्रश्न आला की

बाय, इंग्रजीच्या पेपरात सर्वनामाचा प्रश्न दिसतो मार्क-दोन मार्कांचा, पण भल्याभल्यांना तिथेच गचका बसतो. अभ्यास कमी पडतो असं नाही. आपली घरची बोली मध्ये येते. आपल्या गोव्यातल्या पेडणे-डिचोलीची बरीच मुलं घरात कोंकणी बोलतात, सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जाऊन बसतात. आपल्याकडे लहान मुलीला 'तें' म्हणतात: तें आयलें, तें जेवलें. मग वहीत धाकटी बहीण 'इट' होते. मराठीत 'बाबा आले, ते बसले' म्हणतो, म्हणून एकटे बाबा 'दे' होतात. आणि खुर्ची 'ती', तेव्हा ती बिचारी 'शी'! म्हणून सर्वनाम लिहिण्याआधी नाम पुढ्यात घे आणि विचार: माणूस की वस्तू, एक की अनेक, बाई की पुरुष? मानपान इंग्रजी सर्वनामाला कळत नाही. सरपंचही 'ही' आणि त्याच्या शेतावरचा गडीही 'ही'.

उताऱ्याखाली विचारतात, अमुक ओळीतला 'इट' कशाबद्दल? घाईत मुलं शेजारचं नाम उचलतात. समज, उतारा असा आहे: 'शिवाजी महाराज रीबिल्ट द सप्तकोटेश्वर टेंपल ॲट नार्वे इन 1668. इट इज डेडिकेटेड टू शिवा.' 'इट'च्या जवळ आहे ते साल, त्याच्या अलीकडे नार्वे. एकेक नाम 'इट'च्या जागी घालून ओठातल्या ओठात वाच. शंकराला वाहिलेलं असणार ते देऊळच, साल नव्हे. उत्तरात नुसतं 'टेंपल' लिहू नको, उताऱ्यातलं पूर्ण नाव उतरव. 'धिस' असेल तर जास्त सावध राहा, कारण तो पुष्कळदा मागच्या सबंध वाक्यालाच धरून येतो. 'इट वॉज रेनिंग'मधल्या 'इट'चा मात्र धनी शोधत बसू नको. इंग्रजीला कर्त्याची जागा रिकामी चालत नाही, म्हणून तो तिथे बसवलेला असतो.

'आय' की 'मी' असं विचारलं, तर जोडीदाराला वाक्यातून बाहेर काढ. 'द टीचर कॉल्ड माय सिस्टर अँड...' यातली बहीण काढली की 'कॉल्ड आय' कानालाच खटकतं. इंग्रजी 'मी' म्हणजे आपला 'मला', एवढं पक्कं ठेव. 'बिटवीन'नंतरही 'मी'च.

'हू' की 'हूम'? प्रश्नाचं उत्तर मनात दे. 'ही' आलं तर 'हू', 'हिम' आलं तर 'हूम'. 'इट्स'वर ॲपॉस्ट्रॉफी द्यायचा तो 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं फोडून वाक्य जमलं तरच.

'एव्हरीवन'चं प्रकरण वादाचं. रेन अँड मार्टिनच्या व्याकरणावर वाढलेले आम्ही त्याच्यापुढे डोळे झाकून 'हिज' लिहायचो. आता 'देअर'ही चालतं, आणि ते काही आजचं फॅड नाही, जेन ऑस्टिननेही तसं लिहिलंय. तरी पेपरात आधी पर्याय बघ. 'हिज ऑर हर' आणि 'देअर' दोन्ही असतील, तर तुमच्या पाठ्यपुस्तकात जे शिकवलंय तेच निवड. परीक्षकाशी वाद घालायचाच असेल, तर निकाल लागल्यावर घाल.