राहत्या घरावरचे दुसरे कर्ज : चिरंजीव बाळ यास पत्र

चिरंजीव बाळ यास साताऱ्याहून काकाचे अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या राहत्या सदनिकेवरचे पहिले गृहकर्ज फिटलेले नसताना तिच्यावर आणखी दहा लाखांचे कर्ज काढायचे ठरले आहे, ती रक्कम अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील मित्राच्या कारखान्यात भागीदारीसाठी जाणार आहे आणि सहमालक म्हणून वहिनींचीही कागदांवर सही घेतली जाणार आहे, अशी बातमी येथे पोहोचली आहे. बातमी खोटी असेल तर पुढील मजकूर केवळ माहिती म्हणून वाचावा. खरी असेल तर सही होण्यापूर्वी वाचावा, कारण या व्यवहारात सहीनंतर आलेले शहाणपण फारसे उपयोगी पडत नाही.

गहाण म्हणजे कर्जाच्या फेडीची हमी म्हणून स्थावर मालमत्तेतील हितसंबंध धनकोच्या नावे करणे, असा 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या 58व्या कलमाचा आशय आहे. शहरांत बहुधा मूळ खरेदीखत आणि सोसायटीचा भागदाखला बँकेच्या हवाली करून हे गहाण होते. ताबा मालकाकडेच राहत असल्याने घरात काहीच बदललेले दिसत नाही आणि म्हणूनच त्याचे ओझे विसरले जाते. एकाच घरावर दुसरे गहाण करण्यास कायद्याची आडकाठी नसते, परंतु 48व्या कलमानुसार आधीचा हक्क वरचढ ठरतो, म्हणजे घर विकले गेल्यास पहिल्या धनकोचे येणे आधी भागते आणि उरले तरच दुसऱ्याला मिळते. ही जोखीम ओळखून दुसरा धनको सहसा व्याज चढे लावतो. मूळ कागद पहिल्या बँकेत अडकलेले असल्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक लोक त्याच बँकेकडून वाढीव कर्ज, म्हणजे टॉप-अप, घेतात किंवा सगळे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवून वर जास्तीची रक्कम उचलतात. नाव कोणतेही दिले तरी तारण एकच राहते, आणि ते म्हणजे वहिनी ज्या छपराखाली राहतात ते घर.

पाच वर्षे हप्ते भरले, आता घराचा मोठा भाग आपला झाला, हा समज हिशेबाला धरून नाही. 20 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे 18 हजार रुपये येतो. पाच वर्षांत भरणा पावणेअकरा लाखांच्या वर जातो, मात्र मुद्दल जेमतेम सव्वादोन लाखांनी उतरते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच वाटा मोठा असतो. त्यावर 10 लाखांचे दुसरे कर्ज 11 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे 11,370 रुपयांची भर पडते आणि दहा लाखांच्या बदल्यात अखेर साडेवीस लाखांच्या आसपास द्यावे लागतात. शिवाय व्याजदर बहुधा बदलता असतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या अवधीत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ज्या दराने ती इतर बँकांना अल्पमुदतीची रक्कम देते तो दर, 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा असंख्य कर्जदारांचे हप्ते वाढले किंवा मुदती लांबल्या. दोन कर्जे असतील तर असा फटका दोन्हीकडून बसतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क, विमा आदी खर्च धरून पडणारा खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद चि. बाळने मागून घ्यावा आणि वहिनींना मराठीत वाचून दाखवावा.

हप्ते थकले तर काय होते, हे त्याहून महत्त्वाचे आहे. थकबाकी 90 दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर 2002 च्या सरफेसी कायद्याच्या 13व्या कलमाखाली बँक 60 दिवसांची नोटीस काढते आणि तेवढ्यात रक्कम न भरल्यास दिवाणी दावा न लावताही तारण ताब्यात घेऊन विकू शकते. नोटिशीला लेखी हरकत घेता येते, ताब्याच्या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते, परंतु हे मार्ग खर्चिक आहेत आणि थकलेली रक्कम त्यांनी नाहीशी होत नाही. सहकारी बँक आपली असते, ती सांभाळून घेते, असा भरवसाही धरू नये. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात 5 मे 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचा निर्णय दिला आहे.

भागीदारीचा मुद्दा याच धाग्यात येतो. 1932 च्या भागीदारी अधिनियमाच्या 25व्या कलमानुसार संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकटाही जबाबदार असतो, म्हणजे दहा लाख घातले म्हणून जबाबदारी दहा लाखांवर थांबत नाही. शिवाय लघुउद्योगांना विनातारण कर्ज मिळावे म्हणून 2000 सालापासून पतहमी न्यास अस्तित्वात आहे. तरीही या कारखान्याला भांडवलासाठी दुसऱ्याचे राहते घर का लागावे, हा प्रश्न मित्राला स्पष्टपणे विचारला गेला आहे काय? विचारला नसेल तर तो संकोच महागात पडेल, आणि विचारूनही समाधानकारक उत्तर मिळाले नसेल तर वहिनींच्या सहीचा विषय तिथेच संपायला हवा.

पुन्हा पुन्हा त्या सहीकडे वळावे लागते, त्याचे कारण चि. बाळला ठाऊक आहे. कर्जाच्या फॉर्मवर सह्यांच्या जागी पेन्सिलने फुल्या मारून ठेवलेल्या असतात. सही करणारे माणूस फुली शोधत पाने उलटते आणि मजकूर वाचायचा राहून जातो. सहकर्जदार म्हणून केलेली सही ही नुसती संमती नसून संपूर्ण परतफेडीची जबाबदारी असते. जामीनदाराची जबाबदारीही 1872 च्या करार अधिनियमाच्या 128व्या कलमानुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, मूळ ऋणकोइतकीच असते. वाईच्या घराचे पुढे काय झाले, हे कुटुंबात कोणाला नव्याने सांगायला नको. कै. दादांनी पतसंस्थेच्या जामीनपत्रावर सही केली तेव्हा धाकटा भाऊ शेजारीच बसला होता, तो नुकताच बँकेत लागला होता आणि कागदाचा अर्थ त्याला कळत होता. थोरल्या भावापुढे चारचौघांत बोलणे बरे दिसणार नाही म्हणून तो गप्प राहिला. पुढे सहकार कायद्याच्या 101व्या कलमाखाली वसुली दाखला आला, तेव्हाही दादांनी त्याला शब्दाने दुखावले नाही. आज हे पत्र इतक्या हट्टाने लिहिले जात आहे ते त्यामुळेच.

येथवरचा सूर कठोर वाटला असेल. नोकरीपलीकडे स्वतःचे काही उभे करावे ही चि. बाळची इच्छा मुळीच चुकीची नाही. दादांच्याही मनात ती होती आणि संसाराच्या ओढाताणीत मागे पडली. दुसरे कर्ज घेणे म्हणजे पाप नव्हे. गळक्या घराच्या दुरुस्तीसाठी किंवा घरातल्याच्या उपचारांसाठी, दोन्ही हप्ते पगारात बसत असतील आणि सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम शिल्लक असेल तर ते समंजसपणाचेही ठरू शकते. हातच्या बचतीतून थोडी रक्कम मर्यादित जबाबदारी असलेल्या भागीदारी संस्थेत घालून उद्योग वर्षभर जवळून पाहावा, हा मार्गही खुला आहे.

एवढे सांगूनही निर्णय चि. बाळचाच राहील, आणि तो कोणताही झाला तरी साताऱ्याच्या घरात त्याच्याविषयीची माया तिळभर उणी होणार नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी, मित्राला आधीच दिलेला शब्द, किंवा पगाराविषयी घरात न सांगितलेले काही या बेतामागे असेल, तर ते काकाला फोनवर सांगावे. त्यावर एकही प्रश्न उलटून विचारला जाणार नाही. निवृत्तीच्या रकमेतील मुदत ठेव अजून तशीच आहे आणि तिचा उपयोग दादांच्या मुलाला व्हावा, हे काकूच्याही मनात आहे. वहिनींना सध्या काही कळवलेले नाही. येत्या रविवारी चि. बाळने सूनबाईंना आणि नातीला घेऊन यावे, कर्जाची फाईल आणली तर बरे, न आणली तरी यावे. काकू वाट पाहत आहे आणि तिच्याहून अधिक काका वाट पाहत आहे.

कळावे, हे आशीर्वाद.