बारावीचा संगणक विषय : उजळणीही हवी, झोपही हवी



फेब्रुवारी आला की वस्तीतल्या घराघरांत बारावीच्या परीक्षेची धास्ती सुरू होते. विज्ञान शाखेत संगणकशास्त्र घेतलेली मुलेमुली आता आपल्याही घरांत आहेत. पण अनेकांच्या घरी संगणक नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये मिळेल तेवढाच हात चालवायचा. मग घरातले सगळे झोपले की अंधारात मोबाईलवर व्हिडिओ पाहत दोन-अडीचपर्यंत जागायचे आणि सकाळी डोके धरून उठायचे. एखादा दिवस झोप अनावर झालीच, तर घरातलेच कोणी म्हणते, "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, आणि तुला झोप कशी येते?"

हे बोलणे प्रेमापोटी असते. पण त्यातून मुलाला आपली झोपच गुन्हा वाटू लागते.

आधी झोप, मग अभ्यास

बाबासाहेबांच्या चरित्रातच याचे उत्तर आहे. परळच्या चाळीत सारे कुटुंब एका खोलीत राहायचे. संध्याकाळी गोंगाट, पाय पसरायला जागा नाही. म्हणून सुभेदार रामजी भीमाला लवकर झोपवत. स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवत. त्या शांततेत दिव्यापाशी अभ्यास करून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. म्हणजे त्या बापाने मुलाच्या झोपेचीही सोय केली होती. पुढे समाजासाठी अहोरात्र कष्टताना बाबासाहेबांना मधुमेहाने आणि सांध्यांच्या दुखण्याने किती छळले, तेही आपण जाणतो. त्यांची जिद्द घ्यावी, पण लेकरांच्या शरीराची झीज मागू नये.

दिवसा वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो. १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. रात्री साडेनऊला झोपून पहाटे साडेपाचला उठले तरी आठ तास होतात. जागून वाचलेला धडा सकाळी आठवत नाही, तेव्हा मूल स्वतःला 'ढ' समजते. खरे तर ते फक्त थकलेले असते.

संगणक नसला तरी उजळणी होते

लेखी पेपरला समोर संगणक नसतो, कागदच असतो. तेव्हा तयारीही कागदावर करावी. प्रोग्रॅम नुसता वाचू नका, तो हाताने चालवून पाहा, म्हणजे 'ड्राय रन' करा. उदाहरणार्थ, ४५, १२, ३०, ८ या संख्यांचे बबल सॉर्ट घ्या. शेजारच्या दोन संख्यांची तुलना करायची, डावीकडची मोठी असेल तर अदलाबदल करायची. पहिल्या फेरीनंतर १२, ३०, ८, ४५ असा क्रम येतो, दुसऱ्या फेरीनंतर १२, ८, ३०, ४५ आणि तिसरीनंतर ८, १२, ३०, ४५. असे दोन-तीनदा केले की प्रोग्रॅम घोकावा लागत नाही.

८०८५ मायक्रोप्रोसेसरचेही तसेच. अ‍ॅड्रेस लाइन १६, म्हणून २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ जागा, म्हणजेच ६४ केबी मेमरी. कारण कळले की आकडा विसरत नाही.

पुस्तक बंद करून आठवेल ते लिहा, मग उघडून तपासा. तोच भाग दुसऱ्या दिवशी, पुन्हा तीन-चार दिवसांनी आणि आठवड्याने लिहा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेले जास्त टिकते. आईला वाचता येत नसेल तरी ती म्हणू शकते, "पुस्तक मीट आणि मला समजावून सांग." जिथे मूल अडखळेल, तिथला भाग कच्चा आहे असे समजावे.

डोळे आणि पोट

पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद, निदान २० फुटांवर पाहा. खोलीत तेवढे अंतर नसेल तर दारात उभे राहून गल्लीच्या टोकाकडे पाहावे. दिवा बंद करून मोबाईल पाहू नये. फळ्यावरचे धूसर दिसत असेल किंवा डोके सतत दुखत असेल तर सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्यावेत.

देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. धाप, चक्कर, लक्ष न लागणे हा आळस नव्हे. अशा वेळी रक्त तपासावे. डाळ, पालेभाजी, अंडी, शेंगदाणे-गूळ खावे, भाजीवर लिंबू पिळावे. जेवणासोबत चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. संध्याकाळनंतरचा चहा झोपही उडवतो. उपाशीपोटी पेपरला जाऊ नये.

मन आणि विहार

अतिकष्टाने खचलेल्या सोण भिक्खूला भगवान बुद्धांनी वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो. अभ्यासाचा मध्यम मार्गही तोच. पेपरआधी भीती वाटली तर पाच मिनिटे डोळे मिटून श्वासाच्या येण्याजाण्याकडे लक्ष द्यावे. मूल जेवेना, बोलेना, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले तर रागावू नये, त्याला एकटे सोडू नये. टेली-मानस १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो.

आणि एक काम वस्तीचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला कायद्याने बंदी आहे. परीक्षेपुरता तरी तो नवालाच बंद करू या. विहार संध्याकाळी अभ्यासासाठी उघडे ठेवू या. ज्याच्या घरी टेबल नाही, त्याला तिथे सतरंजी, उजेड आणि शांतता मिळेल.

सुभेदार रामजींनी एका खोलीत जे केले, ते आपण सारी वस्ती मिळून करू शकतो. आज रात्री लेकराला वेळेवर झोपू द्या आणि पहाटे प्रेमाने उठवा.