व्हिडिओ गेममधील कौशल्य कसे येते?

एखादा मुलगा व्हिडिओ गेममध्ये पटाईत दिसला की ‘त्याला ते उपजतच येते’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु कौशल्य एका दिवसात येत नाही. ते पायरीपायरीने चढावे लागते. ‘टेट्रिस’ या प्रसिद्ध खेळाच्या आधारे आपण या पायऱ्या पाहू.

अलेक्सी पाजित्नोव्ह या संगणकतज्ज्ञाने १९८४ साली मॉस्को येथे हा खेळ रचला. चार चार चौकोन जोडून बनलेले सात प्रकारचे आकार एकामागून एक पडद्यावर वरून खाली येतात. ते फिरवून व सरकवून आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. हळूहळू आकार पडण्याचा वेग वाढत जातो, आणि रास वरपर्यंत पोहोचली की डाव संपतो.

नवशिक्याची पहिली अवस्था विचाराची. कोणती कळ दाबली असता आकार कोणीकडे वळतो, हे त्याला दर वेळी आठवावे लागते. दुसरी अवस्था सरावाची. तीत हात बसू लागतो व चुका घटतात. तिसऱ्या अवस्थेत बोटे आपोआप चालतात आणि मोकळे झालेले मन पुढच्या आकाराची सोय पाहू लागते. फिट्स व पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कौशल्यप्राप्तीच्या अशाच तीन अवस्था सांगितल्या आहेत. सायकल शिकतानाही आपण याच क्रमाने जातो.

या खेळाच्या १९८९ सालच्या एका आवृत्तीत २९ व्या पातळीवर आकार इतक्या वेगाने पडतात की, त्यापुढे मनुष्याला खेळता येणार नाही असे बरीच वर्षे मानले जाई. पुढे खेळाडूंनी नवी रीत शोधली. एका हाताचे बोट कळीवर हलकेच ठेवून दुसऱ्या हाताची बोटे, तबल्यावर वाजवावीत तशी, खेळयंत्राच्या पाठीवर भराभर आपटावयाची. एकमेकांचे पाहून मुले ही रीत शिकली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील १३ वर्षांच्या एका मुलाने १५७ वी पातळी गाठली. तेथे खेळच जागच्या जागी थांबला!

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. सिम्स व मेयर यांच्या २००२ सालच्या अभ्यासात टेट्रिसचे निष्णात खेळाडू त्या खेळातील व तत्सम आकार मनात फिरविण्यात सरस ठरले. इतर चाचण्यांत ते वरचढ दिसले नाहीत. तेव्हा तासन्‌तास टेट्रिस खेळल्याने भूमिती येईल, अशी आशा आपण धरू नये.

मग या खेळापासून आपण काय घ्यावे? डाव गेला म्हणून खेळणाऱ्या मुलाला लाज वाटत नाही. कोठे चुकले हे त्याला तत्काळ कळते व तो लगेच दुसरा डाव मांडतो. भूमितीच्या वहीत मात्र एक लाल रेघ दिसताच आपण वही मिटतो. ती पुन्हा उघडावी, चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली ते शोधावे आणि तेच उदाहरण पुन्हा सोडवावे. कौशल्याची वाट खेळात आणि अभ्यासात एकच आहे.