पाचांपैकी एक (गीता १८.१४)



आजचं चिंतन गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या १४व्या श्लोकावर. हा श्लोक मी कॉलेजात असताना पाठ केला होता, चालीवर म्हणतानाही कधी अडत नाही. पण कळला का, असं विचाराल तर थोडाफार कळला तो या पावसाळ्यात, आमच्या बिल्डिंगच्या मागे, गुडघाभर चिखलात. म्हणून आजची पोस्ट जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी श्लोकात काय आहे ते बघू. कुठलंही कर्म घडतं तेव्हा त्याला पाच कारणं असतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर ते घडतं ती जागा. कर्ता म्हणजे करणारा. करण म्हणजे वेगवेगळी साधनं. चेष्टा म्हणजे वेगवेगळ्या हालचाली, खटपटी. आणि पाचवं दैव. पुढच्या श्लोकात ते म्हणतात की शरीराने, वाणीने, मनाने माणूस बरं-वाईट जे काही करतो, त्या सगळ्याला हीच पाच कारणं लागू होतात. आणि त्याच्याही पुढच्या श्लोकात जरा कान पिळतात, की एवढं असूनही जो स्वतःलाच एकट्याला कर्ता समजतो, त्याला दिसतच नाही.

तो न दिसणारा माणूस म्हणजे मीच. कसं ते सांगते.

मे महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की पार्किंगच्या मागची पडीक पट्टी ज्याला हवी त्याने भाजीसाठी घ्यावी. मी हात वर केला. दहा फूट बाय सहा फूट जागा मिळाली. डोक्यात अर्थातच सावता महाराज. माढा तालुक्यातल्या अरणचा तो मळा, आणि मळ्यातच भेटलेला विठ्ठल. मला वाटलं, आपणही ऑफिस सुटल्यावर खुरपं घेऊन बसू, नाम घेऊ, भाजी उगवेल. सावता महाराजांचं पोट त्या मळ्यावर होतं आणि माझं लॅपटॉपवर आहे, हा फरक तेव्हा सुचलाच नाही.

पहिल्याच दिवशी अधिष्ठान भेटलं. कुदळ मारली की ठण्ण! वरच्या चार बोटं मातीखाली सगळं बांधकामाचं राबिट. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, एक अख्खी टाइल. तीन रविवार फक्त ते उपसण्यात गेले. मग लाल माती, शेणखत आणि थोडं गांडूळ खत मिसळून जमिनीपेक्षा वीतभर उंच गादीवाफा केला. आता, आचार्यांनी अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा घेतला आहे. शंकराचार्यांच्या भाष्यात तसंच आहे आणि ज्ञानेश्वरीत माउलीही देहच सांगतात. मी जमीन म्हणते ती माझी सोय. पण खरं सांगू? तिसऱ्या रविवारी रात्री कूस बदलता येत नव्हती तेव्हा माउलींचा अर्थही पटला. आठ तास खुर्चीत बसणारं अधिष्ठान होतं माझं.

जूनच्या शेवटी पेरणी. भेंडी आणि चवळी थेट वाफ्यात, दुधीच्या चार बिया भिंतीच्या कडेला, टोमॅटोचं रोप ट्रेमध्ये. भेंडी पाचव्या दिवशी वर आली. मी दिवसातून चार वेळा बघून येत होते. टोमॅटोची २४ रोपं झाली आणि मी त्यांची आईच झाले म्हणा ना. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, रात्री झोपायच्या आधी मायेने थोडं अजून. एका सकाळी पाहिलं तर सात-आठ रोपं आडवी. मातीला टेकतो तिथे देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला. चार दिवसांत १९ गेली. त्याला मर म्हणतात, माती सतत ओली राहिली की बुरशी धरते आणि कोवळं रोप बुडातच कुजतं, हे मी नंतर वाचलं.

त्या आठवड्यात ऑफिसमध्येही एक काम माझ्या हातून निसटलं होतं, त्याचा राग वेगळाच. मी देवावर रुसले. हसू नका. मी एवढं मनापासून करते, चार्ट ठेवते, आठवणीने पाणी घालते, मग असं का, म्हणून दोन दिवस पारायणाची पोथी उघडली नाही. आमच्या रात्रपाळीच्या वॉचमन काकांनी तो ट्रे पाहिला आणि म्हणाले, "ताई, पाणी पाजायचं आसतंय, बुडवायचं नसतंय." मला ते लागलंच जरा. काका बीड जिल्ह्यातले. गावाकडे अडीच एकर कोरडवाहू, ती धाकटा भाऊ बघतो, हे तेव्हा फक्त ऐकून होते.

उरलेली पाच रोपं मी वाफ्यात लावली. आणि मग जुलैच्या शेवटी तो पाऊस आला. दोन रात्री धो धो. मी खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, गेलं सगळं. सकाळी खाली गेले तर शेजारच्या दोन्ही तुकड्यांत पाणी तुंबलेलं, माझा वाफा मात्र कोरडा नाही पण निथळलेला. एक रोप हललं नव्हतं. मी काय समजले? गादीवाफ्याचा माझा प्लॅन! वीतभर उंची मी हिशेबाने ठेवली होती ना. शेजारच्या वहिनींना तसं समजावूनही सांगितलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या भेंड्या निघाल्या. अकरा. पांढऱ्या कापडावर मांडून फोटो काढला आणि स्टेटस ठेवलं, "माझ्या कष्टाचं पहिलं फळ". खाली मुद्दाम श्लोकाचा आकडाही दिला होता, दुसऱ्या अध्यायातला ४७वा! ज्या श्लोकात फळावरचा हक्क सोडायला सांगितलंय तोच श्लोक फळाच्या फोटोखाली. तेव्हा यातली गंमत मला कळली नाही. ६३ जणांनी पाहिलं, त्यातल्या एकानेही सांगितलं नाही.

दुधीने मात्र रडवलं. वेल मांडवावर चढला, पांढरी फुलं लागली, आणि रोज गळत होती. मी कडुनिंबाचा अर्क मारला, खत घातलं, अगदी वेलाशी बोललेसुद्धा. शेवटी कळलं की ती सगळी नरफुलं होती. मादीफूल नंतर येतं, त्याच्या मागे बोटाच्या पेरभर इवलासा दुधी असतो. आणि ही फुलं उमलतात संध्याकाळी, रात्री पतंग येऊन त्यांचं काम करून जातात. आमच्या पार्किंगच्या दिव्यांमुळे असेल किंवा पावसामुळे, फळ धरत नव्हतं. मग मी सात वाजता खाली जाऊन नरफूल तोडायचे आणि मादीफुलावर हलकेच फिरवायचे. चार दिवसांनी एक दुधी फुगायला लागला. टोमॅटोला तर माझी एवढीही गरज पडली नाही. त्याच्या फुलातले पराग थरथर झाल्याशिवाय सुटत नाहीत, आणि ते काम एक काळा भुंगा करत होता, फुलाला लटकून नुसता गुणगुणत. श्लोकात करणाच्या मागे "वेगवेगळी" असं विशेषण आहे ना, ते वाचताना आता मला खुरपं आणि झारी आठवत नाही. तो भुंगा आठवतो.

आता मूळ गोष्ट.

सप्टेंबर. रात्रीचे साडेअकरा, पुन्हा तसाच पाऊस. या वेळी मला झोप येईना, कारण दुधी मोठा झाला होता. छत्री घेऊन मागे गेले. तिथे कोणीतरी वाकलेलं होतं. मी दचकलेच. काका होते. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, हातात पहार. माझ्या वाफ्याच्या कडेने भिंतीपर्यंत एक चर होता, टीचभर रुंद, तो गटाराच्या तोंडाला मिळत होता. त्यात पालापाचोळा अडकला होता, तो काका काढत होते.

मी विचारलं, "काका, हा चर कधी केलात?"

"त्या मागच्या पावसात. तुमचं समदं बुडालं आसतं ताई. वाफा उंच केला, पर पाणी जायला वाट कुठं ठिवली व्हती?"

म्हणजे जुलैपासून. मी दीड महिना त्या चरावरून पाय टाकून जात होते. तो बिल्डिंगचाच आहे असं समजून.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की एवढ्या रात्री तुम्ही कशाला भिजताय. काका सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "सांजच्याला भावाचा फोन आला. तिकडं बी लागलाय. सोयाबीन शेंगात हाय आन् रानात पाणी उभं हाय. त्यो एकटा. एकटा माणूस किती चर खांदणार?" एवढं बोलून पुन्हा वाकले.

मंडळी, मी छत्री धरून उभी होते आणि तो माणूस आपल्या रानात जे करायला हवं होतं ते माझ्या साठ चौरस फुटांत करत होता. माझं बुडालं असतं तर नुकसान किती? बियाणं, खत, माती मिळून बाराशे रुपये आणि एक स्टेटस. त्याचं वर्ष जातं. तिकडे पाचातलं एक कारण कमी पडत होतं, आणि ते इथे, आमच्या गेटवर, पगारावर बसलेलं होतं.

त्या रात्री मी पोथी उघडली. पाचव्या कारणाबद्दल आचार्यांत थोडा फरक आहे. शंकराचार्य दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा अर्थ देतात, रामानुजाचार्य तिथे थेट अंतर्यामी परमात्म्याला बसवतात. दोन्हीपैकी कुणीही दैव म्हणजे "नशिबात होतं, सोडून द्या" असं म्हणत नाही. आपण मात्र सर्रास तसंच म्हणतो, आणि तेही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नुकसानीबद्दल. माझी रोपं मेली तेव्हा मी देवाशी भांडले. शेतकऱ्याचं पीक गेल्याची बातमी वाचली की म्हणते, निसर्गापुढे काय चालतंय! भगवंतांनी दैव पाचवं सांगितलंय, त्याआधी चार आहेत. त्या चारांत कर्ता आहे, म्हणजे "मी काहीच करत नाही" म्हणून अंथरुणात लोळायला सूट नाही. आणि चेष्टा आहे, "वेगवेगळ्या" चेष्टा, ज्यात रात्री साडेअकराला कुणीतरी खणलेला चरही मोजावा लागतो. मी माझ्या चार्टमध्ये पाण्याच्या वेळा लिहिल्या होत्या. त्यात चराचा रकाना नव्हता.

आणखी एक. श्लोकात कर्त्याला काढून टाकलेलं नाही, पाचांत बसवलंय. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. रोपं मेली ती सगळी माझ्यामुळे नाही, भेंडी आली तीही सगळी माझ्यामुळे नाही. पण पाणी जास्त मी घातलं होतं, ते दैवावर ढकलता येत नाही.

पुढे काकांना मी हा श्लोक सांगायला गेले. उत्साहात. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "भेंडी किती निघाली आतापतुर?" मी म्हटलं, साडेतीन किलो असेल. ते हसले. "आन् तो दुधी उतरवा आता. फोटूसाठी ठिवलाय काय? निबर झाला." खरंच झाला होता. बाहेरून सुंदर, आत कापूस. तो आता वेलावरच वाळवतोय, बियांसाठी.

काकांचं सोयाबीन निम्मं गेलं. शेंगेतच मोड आले. मी काय बोलावं मला कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. त्या जुन्या स्टेटसबद्दल माफी मागावी तर त्यांनी ते पाहिलेलंच नाही.

एवढं केलं की वाफ्याचा अर्धा भाग त्यांना विचारून त्यांच्या हवाली केला. काय लावायचं ते त्यांनी ठरवायचं, भाजी त्यांच्या खोलीवर न्यायची. त्यांनी कोथिंबीर आणि लसूण म्हटलं. धणे जमिनीवर पसरून चपलेखाली हलकेच रगडले, प्रत्येक धण्याच्या दोन फाका होईपर्यंत. मी आत्तापर्यंत अख्खेच पेरत होते! मग रात्रभर भिजवून ओळीत टाकले, वरून बोटभर माती. पाणी किती घालू विचारलं तर म्हणाले, माती हातात धरून बघा, ती सांगंल.

आज नववा दिवस. अजून वर काही दिसत नाही. सकाळी मी गेले तेव्हा काका ड्यूटी संपवून तिथेच उकिडवे बसून बघत होते, तर मीही बसले.

उद्या १५वा श्लोक. राम कृष्ण हरी.